चादरीचं बाळ

इस्त्रीवाल्या मावशींना मूलबाळ नव्हतं. पण शहराच्या चित्रसंग्रहालयात, जिना चढून डावीकडे वळलं की, त्यांचं एक बाळ होतं. ऐकून कुणी भुवया उंचावत असेल तर उंचावो बापडा, आधी पुरतं ऐकून तर घ्या.

मावशी तरुण होत्या तेव्हा दुकानासमोर एक चित्रकार राहायचा. कपडे टाकायचा आणि न्यायचे विसरायचा, असला वल्ली. एकदा म्हणाला, "ताई, जरा खिडकीशी बसता का? चित्र काढतो. हातात काहीतरी धरा." मावशींच्या हातात दुसरं काय असणार? पाणी शिंपडून गुंडाळलेली चादर! गुंडाळी सुटू नये म्हणून खालून तळवा दिला, सगळे इस्त्रीवाले देतात तसा. पुढे चित्र पुरं झालं, बघतात तर चादरीचं बाळ झालेलं.

"अहो, हे कुठून आलं?"

"चादर बघायला कोण येतंय, ताई?" तो हसून म्हणाला.

चित्रकार गेला आणि मग त्याचं नाव झालं, जगाची रीतच ती. जाणकारांनी लिहिलं, डोक्याखालचा तो तळवा पाहा, हा हात मुरलेल्या आईचाच. मावशी ते वाचून पोट धरून हसल्या, आणि हसता हसता रडू कधी आलं ते त्यांनाही कळलं नाही. तेव्हापासून दुकानाला सुट्टी असली की त्या चित्रापाशी जायच्या. "कसा आहेस रे, लबाडा?" असं हळूच विचारायच्या.

आणि एक दिवस संग्रहालयातल्या अभ्यासक बाई पत्ता काढत दुकानात आल्या. चित्राची क्ष-किरणांनी तपासणी झाली होती. रंगाखाली बाळ नव्हतंच, चादर होती. म्हणून चित्राखालची पाटी बदलायची होती.

इस्त्री बाजूला ठेवून मावशी म्हणाल्या, "नका हो बदलू. खोटं असेल, पण माझं म्हणून तेवढंच आहे."

बाई म्हणाल्या, "मावशी, आधी बघायला तर चला."

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत पडद्यावर करडं चित्र उमटलं. चादरीची घडी न् घडी दिसत होती.

"आता चेहरा बघा," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खाली आला. "बाळ चित्रकारांनी नंतर रंगवलं. चेहऱ्याला मात्र पुन्हा ब्रश लावलेलाच नाही. आम्ही आजवर समजत होतो, चित्रातली बाई बाळाकडे बघते म्हणून तिचा चेहरा असा आहे. पण हा चेहरा आधीचा, मावशी. असा चेहरा काढल्यावर त्यांना तिथे बाळ काढावंच लागलं."

मावशी चित्रासाठी बसल्या त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, मूल होणार नाही. ते त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आणि समोरच्या त्या विसरभोळ्याने सगळं वाचलं होतं!

"लिहा," त्या म्हणाल्या. "चादर होती असंच लिहा."

मग त्या जिना चढून चित्रापाशी गेल्या. इतकी वर्षं त्या बाळालाच बघायला यायच्या. आज पहिल्यांदा त्यांनी चित्रातल्या बाईकडे बघितलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "एका चादरीला किती गं जीव लावलास!"