सात नंबरची रिकामी खाट

ऑफिसात त्यांना पाठीमागे सगळे नाकेवाल्या ताई म्हणायचे, तोंडावर नुसतं ताई. नाव उगाच पडलेलं नव्हतं. आम्ही रुग्णालयांसाठी औषधांचं कपाट बनवतो. खाटेगणिक एक खण, आणि कुठल्या खणात कुठल्या गोळ्या पडायच्या ते यंत्र ठरवतं. यंत्राचं वरचं काम माझ्याकडे, पायथनमध्ये. पायथन मोठ्या मनाची भाषा. यादीत यादी, तिच्यात आणखी यादी, काहीही कोंबा, कुरकुर नाही. खालचं काम सी भाषेत, आणि ती भलतीच शिस्तीची. किती आहे, केवढं आहे, कुठे संपतं, सगळं तिला आधी सांगावं लागतं. वॉर्डातल्या खाटा आणि खाटांवरच्या गोळ्या एका सरळ रांगेत लावून तिच्याकडे सोपवणारा मधला कोड, आमच्या बोलण्यात नाका, ताईंनी बारा वर्षांपूर्वी एकटीने लिहिला होता.

कोड लिहिण्याआधी त्या चौकटीच्या वहीत पेन्सिलीने डबे काढायच्या. मी काही विचारायला गेले की वर न बघताच म्हणायच्या, "आधी आकडा सांग, मग माल." रोज चार वाजता त्यांचे यजमान फोन करून चष्मा कुठे आहे ते विचारायचे. ताई स्क्रीनवरची नजर न हलवता सांगायच्या, "डोक्यावर बघा." चष्मा बहुतेक वेळा तिथेच असायचा.

मी आठ वर्षं घरी मुलीला सांभाळून नोकरीवर परत आले होते, चारच महिने झाले होते, आणि अजून पक्की झाले नव्हते. माझी पहिली नवी आवृत्ती तपासायला एक नर्स आली. तिने सातवा खण उघडला आणि थबकली.

"अहो, सातवर कोणी नाहीच आहे. ह्या हृदयाच्या गोळ्या कोणाच्या?"

आठव्याच्या होत्या. आठव्यात नवव्याच्या. पुढचा अख्खा वॉर्ड एकेक खण सरकला होता. साहेबांचा पारा चढला. नवीन काय ते फक्त माझंच होतं, त्यामुळे शोधाशोध करायचीही गरज त्यांना वाटली नाही. "उद्या दहाला मीटिंग. तुम्हाला ठेवायचं की नाही ते तिथेच बघू," म्हणाले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी तोंड उघडायच्या आत ताईंनी वहीचं पान टेबलावर ठेवलं.

"चूक माझी आहे. सातवर कोणी नाही, म्हणून हिने सातची रिकामी यादी पाठवली. बरोबरच पाठवली. रिकाम्या यादीला मीच रांगेत जागा देत नाही. आत काही नाही तर न्यायचं कशाला, असं तेव्हा वाटलं. सातवा गळला, की आठवा त्याच्या जागी येऊन बसतो."

"पण ताई, बारा वर्षं तर सुरळीत चाललंय!" साहेब म्हणाले.

"हिच्या आधीचा मुलगा रिकाम्या खाटेवर 'काही नाही' अशी नोंद टाकून पाठवायचा, म्हणून निभावलं. हिला ते कोणी सांगितलंच नाही. मीही नाही."

त्या गप्प बसल्या असत्या तरी कोणाला कळलं नसतं. शुक्रवारी त्या निवृत्त व्हायच्या होत्या, केकसुद्धा सांगून झाला होता. अर्ध्या तासात त्यांनी नाका दुरुस्त केला. आता प्रत्येक खाटेआधी आतल्या गोळ्यांचा आकडा जातो, शून्य असला तरी.

माझी नोकरी वाचली. ताईंचं मात्र तेवढ्यावर भागेना. ती 'काही नाही'ची नोंद आजवर कधी राहून गेली असेल तर?

साहेब वैतागले. "जाता जाता जुनी मढी कशाला उकरताय?"

"माझीच आहेत म्हणून," ताई म्हणाल्या.

तीन दिवस त्या अकरा रुग्णालयांना फोन करत होत्या. प्रत्येकाकडे दुरुस्ती पाठवली, प्रत्येकाच्या जुन्या नोंदी मागवून एकेक ओळ वाचली. दहा ठिकाणी काही निघालं नाही. अकराव्या ठिकाणी, तीन वर्षांपूर्वीच्या एका सकाळी, चौदा खण सरकलेले सापडले. ताईंनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. त्या नोंदीखाली वॉर्डच्या नर्सने एवढंच लिहिलं होतं, "खण चुकले. हाताने लावून घेतले."

शुक्रवारी दुपारी, समारंभ तसाच टाकून, त्या मला घेऊन तिथे गेल्या. ती ओळ लिहिणारी नर्स एका खाटेवरची चादर बदलत होती. ताईंनी चूक सांगितली, माफी मागितली. तिला ती सकाळ आठवतही नव्हती.

"खण उघडला की मी पेशंटचा कागद बघतेच हो," ती म्हणाली. "यंत्राचा काय भरवसा!" आणि चादरीचं एक टोक ताईंच्या हातात दिलं. ताईंनी ते गादीखाली नीट खोचलं.

जिन्यात त्या कठड्याला धरून थांबल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"बारा वर्षं मी शांत झोपत होते," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, माझ्या कोडच्या जिवावर."