गुडघ्याआधी वजन

आईचे दोन्ही गुडघे गेले तेव्हा ती माझ्याकडे यवतमाळला राहायला आली. बाबा गेल्यापासून ती झरी जामणीकडच्या आमच्या गावात एकटीच राहत होती, पण आता खाली बसलं की तिला उठता येईना. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरून पाहिला आणि गुडघे बदलावेच लागतील म्हणाले. मग तिला काट्यावर उभं केलं आणि फाईल मिटली. आधी दहा-बारा किलो उतरवा, मग बघू. एवढ्या वजनाला भूल देणं आणि नव्या गुडघ्यावर एवढा भार टाकणं, दोन्ही जोखमीचं.

वजन उतरवायचं कसं, असं आईने विचारलं. ते म्हणाले, रोज चाला. आई माझ्याकडे पाहत राहिली. चालता आलं असतं तर ती तिथे गेलीच नसती.

राहिलं जेवण. मी फोनमध्ये कॅलरी मोजायचं ॲप घेतलं आणि तिच्या पोटात जाईल ते त्यात भरू लागले. पळीभर तेलात भाकरीहून जास्त कॅलरी असतात हे मला पन्नाशीच्या तोंडावर कळलं. आमच्याकडे डाळीचे गोळे घातलेल्या गोळाभातावर कडकडीत फोडणी ओततात, ती मी चमच्यावर आणली. "तेलच काढलं तं गोळाभातात राह्यलं काय?" आई म्हणाली. पण मुकाट जेवली.

सुरुवातीला काटा भराभर खाली आला. मी पुण्याला भावाला फोन करून सांगितलं, आईला नवी साडी घ्यायचंही ठरवलं. नंतर काटा थांबला. मी चहातली साखर बंद केली, रात्रीची भाकरी अर्धी केली, तरी तो हलेना. ॲपच्या हिशेबाने ती उतरायलाच हवी होती. मी तोच हिशेब पुन्हा पुन्हा करायचे, आणि उत्तर दरवेळी बरोबर यायचं.

भाऊ फोनवर म्हणाला, तू ऑफिसला गेलीस की ती काहीतरी खात असणार. फोन स्पीकरवर होता. आई समोरच तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. ती शेंगा सोलतच राहिली. त्या रात्रीपासून मात्र तिने उरलेली अर्धी भाकरीही सोडली. भूक नाही म्हणायची. मी थोडा आग्रह करायचे, मग ताट उचलायचे.

एका सकाळी न्हाणीघराच्या दारात तिला चक्कर आली. भिंत धरून ती हळूहळू खाली सरकली. नवरा लोहाऱ्याला कारखान्यात गेलेला. मी तिच्या काखेत हात घालून उचलू पाहिलं, पण ती जागची हलेना. शेजारीण येईपर्यंत मी ओल्या फरशीवर तिच्याजवळ बसून राहिले. ती माझ्याच साडीचा पदर वर धरून होती, ओला होईल म्हणून.

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी आईला सकाळपासून काय काय खाता ते विचारलं. आईने सांगितलं, ते लवकरच संपलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो, एवढंच खाते.

मग आईने त्यांना विचारलं, "मी पोरगी होती तवा वावरात जाऊन चार-चार भाकरी खात होती, तरी काडी होती. आता खात नाही, तं वजन काहून जात नाही?"

त्यांनी नीट समजावलं. आपण खातो त्यातलं बरंचसं नुसतं जिवंत राहण्यातच खर्च होतं, श्वास घेण्यात, अंग गरम ठेवण्यात. वय वाढतं, हालचाल थांबते, तसे स्नायू झिजतात आणि हा खर्च कमी होतो. त्यात उपास घडला की शरीर अजूनच हात आखडतं, आणि जे जातं त्यात चरबीसोबत उरलेले स्नायूही जातात. सुरुवातीला जे भराभर उतरलं त्यात बरंचसं पाणी होतं. तेव्हा आता दोन्ही वेळा घट्ट वरण, उसळ, दही खायचं, आणि खुर्चीत बसून पाय उचलायचे. वजन हळूहळू उतरेल. आधी थोडं वाढेलही.

मला सगळं समजलं. घरी येऊन ताट वाढायला घेतलं, आणि त्या समजण्याचं करायचं काय ते कळेना. आईला आता वरणाच्या वाटीचीच भीती वाटू लागली होती. "एक म्हणते कमी खा, एक म्हणते जास्त खा," असं म्हणून ती वाटी सरकवून द्यायची. मी रागावले की दोन घास जास्त खायची, आणि सकाळी स्वतःच काट्याकडे जायची. खरंच किलोभर वाढलं त्या दिवशी ती बराच वेळ त्या काट्यावरून उतरलीच नाही. मी तो उचलून माळ्यावर टाकला.

काही महिन्यांनी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. सांगितलं होतं त्याच्या अर्धंही उतरलं नव्हतं. ते प्रेमाने बोलले, चांगलं चाललंय म्हणाले, आणि दिवाळीनंतर यायला सांगितलं.

परतताना ऑटोत आई बाहेर पाहत होती. मग म्हणाली, "तुले राग येत असंन माया."

"कायचा राग?"

"मी कमी होऊन नाही राह्यली, त्याचा."

मी तिचा हात धरला. नाही म्हणाले, तिला पटलं असं वाटलं नाही. स्नायू, खर्च, पाणी, सगळं मला पाठ होतं, पण त्यातलं एकही वाक्य तिला सांगण्याजोगं नव्हतं.

दिवाळी होऊन गेली. ऑपरेशन अजून झालेलं नाही. दुपारी ती खुर्चीत बसून पाय उचलते. पाय थरथरतो, वीतभरही वर जात नाही. ती ओठ दाबून तो तसाच धरून ठेवते, आणि मी समोर बसून पाहते.