काजळीचा डबा

सोनीबाईने आयुष्यात घाण काही कमी उपसली नाही. गोठे काढले, उकिरडे उपसले, कुजक्या केळीच्या पाट्या भरभरून बांधावर नेऊन टाकल्या. तिचं नाक कधी मुरडलं नाही. पण जळगावच्या बन्सीलाल गुरुजींनी तिच्या गालाला काजळी फासली, त्या दिवसापासून गोडेतेलाचा नुसता वास आला तरी तिला मळमळायचं. स्वतःच्या चुलीवर फोडणी देतानासुद्धा.

यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, पावरा आदिवासींच्या पाड्यावर तिचं घर. पाऊस पडला तर पोटापुरती ज्वारी, मग मोह वेचायचा, आणि उरलेले महिने पितांबरनानाच्या केळीच्या बागेत मजुरी. नवरा सुका होळीला ढोल धरायचा तेव्हा आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसं जमायची. मुलगी रेशमा खालच्या गावात चौथीत शिकत होती. घरात ही माणसं पावरी बोलत. शाळेत जायला लागल्यापासून रेशमाच्या तोंडी मात्र गावातली खान्देशीच बसली होती.

रंगाचं म्हणाल तर सोनीबाई चांगली उजळ. पितांबरनानाची बायको लताबाई तिच्यापुढे बरीच सावळी. दोघी अंगणात शेजारी उभ्या राहिल्या तर मालकीण कोण नि मजूर कोण, ते तोंडावरून कळायचं नाही. ते पाण्यावरून कळायचं. लताबाई तांब्या उंच धरून ओतायची आणि सोनीबाई वाकून ओंजळीने प्यायची.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत जळगावला लोककलेचा महोत्सव ठरला. समितीचे चिटणीस बन्सीलाल गुरुजी, पितांबरनानाचे साडू. केळीचे घड मागवावेत तसे त्यांनी नानाकडे वीस आदिवासी मागवले. नानाने बागेतल्या मजुरांना हाक दिली.

“बठ्ठा जन उद्या ट्रॅक्टरमा बसा. नाच करानं शे.”

पाड्याला आनंदच झाला हो! सोनीबाईने लग्नातलं लुगडं काढलं, गळ्यात चांदीची हासळी घातली. सुकाने पांढराशुभ्र फेटा बांधला, ढोल पुसून घेतला. मांडवामागे ट्रॅक्टर थांबला, सगळे उतरले, आणि गुरुजींचं तोंड पडलं.

“हे काय, लग्नाला आलात? हे तर आपल्यासारखेच दिसतात हो, नाना!”

काय ते संकट! पण गुरुजी तयारीचे होते. त्यांनी रंगवलेली कोंबडीची पिसं आणली होती आणि कमरेला गुंडाळायला केळीची पानं. पानं नानाच्याच बागेतली. सातपुड्याच्या जंगलात केळी उगवते कुठे, हा प्रश्न विचारणारा एक माणूस त्या समितीत नव्हता. आणि एक डबा होता, गोडेतेलात कालवलेल्या काजळीचा.

सुका हात जोडून म्हणाला, “गुरुजी, पीसनी टोपी आमी होळीले घालतस, नवस व्हस तव्हय. आज काय होळी शे? आनि बायासना तोंडले काळं कसाले?”

“लोकांना ओळखू यायला नको का?” गुरुजी शाळेतल्या आवाजात म्हणाले. “तुमचा वंशच वेगळा. तुम्ही मूळचे काळेच, केळीच्या सावलीत काम करून जरा फिके पडलात.”

सोनीबाईने नानाकडे पाहिलं. नाना घड्याळ बघत होता. उद्याची मजुरी त्याच्याच बागेत होती, म्हणून तिने डोळे मिटून घेतले. गुरुजींची बोटं कपाळावरून गालावर, गालावरून मानेवर आली. तेल ओठात गेलं. फासून झाल्यावर गुरुजींनी नळावर जाऊन साबणाने हात धुतले, दोनदा.

मग ती वीस माणसं केळीची पानं गुंडाळून, सांगितल्याप्रमाणे ‘हुर्र हुर्र’ ओरडत नाचली. सुकाच्या ढोलाचा ताल कुणी ऐकलाच नाही. पहिल्या रांगेत लताबाई तोंडाला पावडर लावून बसली होती. रोज जिला पाणी ओतायची तिलाच बघून ती टाळ्या वाजवत होती, आणि सोनीबाईला तिने ओळखलंही नाही. नाच संपल्यावर सोनीबाई नळाकडे गेली तर राखणदार आडवा आला.

“इथं नको. नळ काळा होईल.”

तशाच काळ्या तोंडांनी सगळे परत गेले. रेशमा धावत ट्रॅक्टरपाशी आली आणि आईला पाहून जागीच थिजली. सोनीबाईने नाल्यावर राखेने तोंड घासलं. रंग निघाला, कानामागे मात्र काळं राहून गेलं. लुगड्यावर केळीचा चीक लागला होता, तो डाग कायमचाच.

दोन दिवसांनी रेशमा शाळेतून रडत आली. जळगावला जाऊन आलेल्या पोरी तिला म्हणाल्या होत्या, तुमनं खरं रूप आमी दखं.

“माय, मोठी व्हयनू म्हंजे मीबी तशी काळी व्हसू का? ते आंगमाज ऱ्हास का?”

“अवं, ते गुरुजीनी डबामातून लायं व्हतं.”

“गुरुजी खोटं कसाले करतीन?”

पोरीचा ‘गुरुजी’ या शब्दावर आईपेक्षा जास्त विश्वास. रेशमाने शाळा सोडली. नाल्यावर बसून खापराच्या तुकड्याने हात घासायची, कोपरापासून मनगटापर्यंत, कातडी लाल होईस्तोवर. गुरुजींची, नानाची, त्या टाळ्यांची, आणि डोळे मिटून उभं राहिलेल्या स्वतःची सोनीबाईला किळस यायची. एकदा तो डबा पोरीला दाखवायचाच, एवढं तिने मनाशी घेतलं.

पुढच्या जानेवारीत नानाची हाक आली.

“आमी नही येवाव, नाना.”

“मंग बागमाबी येऊ नको.”

“बरं,” सोनीबाई म्हणाली आणि दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला गेली. पाड्यावरचं कुणीच गेलं नाही. तरी महोत्सवाच्या पत्रकात ‘आदिवासी नृत्य’ होतंच, असं यावलच्या स्टँडवर तिच्या कानावर आलं. नाचणार कोण मग? तिने रेशमाचा हात धरला आणि जळगावची एसटी पकडली.

मांडवामागे कनातीच्या फटीतून दोघींनी आत पाहिलं. तोच डबा, तीच बोटं. समोर शेतकऱ्यांची कॉलेजातली पोरं उघडी उभी होती, केळीची पानं गुंडाळून, खिदळत. पहिलाच रतिलाल, नानाचा मुलगा. सुटीत बागेत लुना उडवत यायचा, त्याला रेशमा चांगली ओळखत होती. गुरुजी त्याच्या गालावर काजळी चोळत होते. रेशमा फटीला डोळा लावून बघत राहिली.

मग दोघी कनातीच्या कडेकडेने मांडवात सरकल्या. नाच असा रंगला की विचारू नका. मागे बसलेले एक चष्मेवाले वकील शेजाऱ्याला म्हणाले, “गेल्या वर्षीचे जरा बनावट वाटले होते. यंदा अगदी अस्सल आणलेत.”

शेवटी पोरं ‘हुर्र’ करत खाली उतरली, पहिल्या रांगेपर्यंत आली. लताबाईने साडीच्या निऱ्या गोळा केल्या, नाकाला पदर लावला.

“दूर ऱ्हा रे! कसा वास मारस! आंगले लागशी!”

“अवं माय, मी रतिलाल!”

लताबाई हसत सुटली, त्याला जवळ ओढलं आणि ज्या पदराने नाक धरलं होतं त्याच पदराने त्याचे गाल पुसू लागली. राखणदार बादली घेऊन धावला. नळ सोडला, स्वतःच्या हाताने पाणी घातलं. रतिलाल होता तसा सावळा निघाला.

“माय,” रेशमा हळूच म्हणाली, “त्यानं बठ्ठं निंघी गयं.”

“लायेल व्हतं ते. निंघाव नही तं काय?”

रेशमाने आपल्या हाताकडे पाहिलं. “उद्या शाळा शे ना वं?”

सोनीबाईने मान डोलावली. तोंडात कडू पाणी जमलं होतं. ती परत मांडवामागे गेली, तिथे आता कुणी नव्हतं. काजळीचा डबा पुढच्या वर्षासाठी अर्धा शिल्लक होता. ती वाकली, त्यात घसा खाकरून थुंकली आणि झाकण घट्ट लावून ठेवलं.