सगळा डेटा जाईल

फोनच्या काळ्या पडद्यावर बारीक इंग्रजीत लिहून आलं, की पुढं गेलात तर सगळा डेटा पुसला जाईल. चालेल का? मी मनात म्हटलं, जाऊ दे, रात्री बारा वाजले की दीड जीबी परत येतोयच. आणि दिलं 'हो'चं बटण दाबून.

आमच्याकडं डेटा म्हणजे रिचार्जमधलं नेट. 'डेटा संपला', 'जरा तुझा डेटा दे', असंच बोलतो आम्ही. त्याला दुसराही अर्थ असतो हे पन्नाशीपर्यंत मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी शाळेत क्लार्क आहे, रोज संगणकासमोर बसतो, हे सांगायचीसुद्धा आता लाज वाटते.

बरं, फोन माझा नव्हता. बायकोचा होता. ती शेजारणींबरोबर नारायणगडाला दर्शनाला गेली होती. जाताना फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "लई अडकतोय. आईचं बोलणं मधीच थांबतंय. मी यीपर्यंत नीट करून ठेवा."

आईचं बोलणं म्हणजे रेकॉर्डिंग. तिच्या फोनवरचं प्रत्येक बोलणं आपोआप साठून राहायचं. सासूबाई युसूफ वडगावला असायच्या. मागच्या साली गेल्या. त्यांचे दोन-अडीच वर्षांचे फोन त्यात होते. गुडघा दुखतोय, शेळी व्याली, जेवलीस का, आणि शेवटी हमखास, "जावाई तसंच हायत का अजून?" दुपारची कामं उरकली की बायको त्यातला एखादा लावून बसायची.

फोन सरळ दुकानात नेला असता तर भागलं असतं. पण मला एक व्हिडिओ सापडला, नवशिक्यांनी फोन रूट कसा करावा याचा. कंपनीनं आधीच घालून दिलेली काही अ‍ॅपं आपल्याला काढता येत नाहीत. न बोलावता आलेले पाहुणे, उठायचं नाव घेत नाहीत. फोन रूट केला की पूर्ण ताबा आपला, मग त्यांना हाकलायचं आणि जागा मोकळी करायची. त्यासाठी आधी फोनचं आतलं कुलूप उघडावं लागतं. ऐकूनच मला चेव आला. घरात माझा ताबा असलेली एकही वस्तू नाही, निदान फोन तरी असावा.

सेटिंगमध्ये एका ओळीवर सात वेळा बोट मारलं, केबल लावली, जुन्या लॅपटॉपवर व्हिडिओतल्यासारख्या ओळी टाइप केल्या. दोन तास गेले, मान आखडली. मग ते डेटाचं आलं आणि मी 'हो' म्हटलं.

फोन सुरू झाला तो मलाच विचारायला लागला, भाषा कोणती? वाटलं, काय हलका झाला! मग रेकॉर्डिंग शोधली. एकही नव्हती.

तसाच उठलो. वडवणीच्या बाजारात माझ्या वर्गमित्राचं मोबाईलचं दुकान आहे. त्यानं फोन दोनदा उलटासुलटा केला.

"कुलूप उघडलंस व्हय? बॅकअप घेतलता का?"

"डेटा जाईल म्हणला होता. मला वाटलं, नेट."

त्यानं फोन काउंटरवर ठेवला. "काय रं हे? डेटा म्हंजी फोटू, नंबर, रेकॉर्डिंग, समदं. व्हिडिओत सांगत्यात की पहिल्यांदा."

पहिली पाच मिनिटं मी पुढं ढकलली होती.

"काही निघंल का?"

"न्हाई. आता ब्रह्मदेव आला तरी न्हाई." मग स्टूल पुढं सरकवत म्हणाला, "चहा घेतोस?"

चहा घेतला. नाही म्हणायचंही बळ नव्हतं. घरी येऊन पायरीवर बसलो. फोन रूट करायचा राहिलाच होता, नुसतं कुलूप उघडलं होतं. आता कशाला करायचा?

ती पाचच्या सुमारास आली, हातावर प्रसाद ठेवला. खाण्याआधीच मी सगळं सांगून टाकलं. तिनं फोन घेतला, बघितला, फळीवर ठेवला. भाकरी थापल्या. आम्ही जेवलो. ताटं उचलताना, माझ्याकडं न बघता म्हणाली,

"आई बोलायची तवा मी निस्ती 'हं, हं' करायची. भांडी घासत, भाकरी भाजत. 'ठेव आता' म्हणायची. ती काय म्हणत होती ते आता कुठं नीट ऐकत होते. अजून निम्मं राहिलतं."