वाट्याचा कापूस

झरीच्या दिनकररावांच्या शेतात दगडाबाईनं सीतादईची, पिकाच्या देवीची, पूजा केल्याशिवाय कुणी बोंडाला हात लावत नसे. ती दहीभात शिंपडायची, झाडाला कापसाचा धागा गुंडाळायची, मग बायका वेचायला लागायच्या. मजुरी म्हणून वेचलेल्या कापसातला वाटा मिळे. दगडाबाई तो ओटीत घालून बाजारात न्यायची आणि संक्रांतीला बोरीहून येणाऱ्या लेकीला, कासाला, लुगडं घ्यायची. नवरा लिंबाजी त्या कापसाकडं बघायचाही नाही. तो बायकांचा, अशी रीतच होती.

मग परभणीच्या दलालानं सांगितलं, आपला कापूस आता बोटीनं जपानला जायलाय. भाव चढला आणि दिनकररावांना बायकांचा वाटा डोळ्यांत सलायला लागला. वाटा बंद झाला, हंगामाअखेर रोख मजुरी सुरू झाली. गड्यांना पुरी, बायकांना निम्मी. भाव कापसाला आला होता, बाईला नव्हे. ओटीत पडलेल्या चिल्लरीत लुगडं काही बसलं नाही.

पुढच्या साली बोंडं फुटली, पण दगडाबाई दहीभात घेऊन बांधावरच बसली.

"मालक, गड्याइतकी मजुरी द्या, तवाच सीतादई पुजीन."

"तू न्हाई तर दुसरी पुजंल."

दुसरी कुणी उठली नाही. दिनकररावांनी हट्टानं गडी शेतात घातले. त्यांनी पाल्यापाचोळ्यासकट कापूस ओरबाडला आणि दलालानं गाडी परत पाठवली. परदेशी गिऱ्हाइकाला स्वच्छ माल हवा होता. शेवटी मालक स्वतः तिच्या दारी आले.

"गड्याइतकी देतो, दगडाबाई. चल."

तिनं पूजा केली. त्या हंगामात बायका गाणी म्हणत वेचत होत्या.

हंगाम सरला तशी सगळी मालकाच्या ओसरीपुढं जमली. दगडाबाईनं ओटी पसरली. दिनकररावांनी शब्द पाळला, पैही कमी केली नाही. फक्त मजुरी लिंबाजीच्या हातावर ठेवली.

"मालक, राबले मी. मागल्या साली माझ्याच ओटीत टाकली व्हती की!"

"तवा चिल्लर व्हती. एवढा रोकडा बाईच्या हाती कसा द्यायचा?"

त्यांच्या मनात खोट नव्हती. मला संताप येतो तो त्याचाच. जमलेल्या गड्यांनी माना डोलावल्या आणि बाकीच्या बायकांची मजुरीही त्याच वाटेनं गेली.

संक्रांतीला कासा आली. गोठ्यात बैलाच्या गळ्यात नवी घुंगरमाळ वाजत होती.

"बाबा, लय झाक दिसायलाय की बैल!" ती म्हणाली.

लिंबाजी हसला. दगडाबाईनं लेकीच्या हातावर तीळगूळ ठेवला आणि तिला नेसायला आपलंच धुतलेलं लुगडं काढून दिलं.