राणीचं गाव की मिठाचं

पंचविशीत मी फार विद्वान होते. आता गुडघे आणि विद्वत्ता, दोन्ही सारखेच कुरकुरतात.

न्यू जर्सीत इतिहासात पीएच.डी. करत होते. घरमालकीण स्पेनची, मालागाच्या किनाऱ्यावर जन्मलेली विधवा. मी तिला मावशी म्हणायचे. माझ्या फोडणीला तिने कधी नाक मुरडलं नाही. उलट वाटी घेऊन दारात हजर. कॅन्सर निघाला तेव्हा स्वतःच्या थडग्याचा मजकूर तिनेच लिहिला. नाव, सालं, आणि खाली एक ओळ: 'राणीच्या गावात जन्मली.' प्राचीन काळी जहाजांतून आलेल्या फिनिशियन व्यापाऱ्यांच्या भाषेत मालागा म्हणजे राणी, असं तिला तिच्या आईने सांगितलेलं.

कागद तिने कौतुकाने दाखवला. शहाण्या माणसाने 'छान' म्हणून चहा टाकला असता. मी लायब्ररी गाठली. झेरॉक्स काढल्या, पिवळ्या मार्करने ओळी रंगवल्या आणि केमोहून आलेल्या बाईच्या पांघरुणावर पसरल्या.

"राणीबिणी काही नाही, मावशी. मीठ! तिथे मासे खारवायचे, त्यावरून."

तिने सगळं वाचलं. "पोरी, नक्की?"

"शंभर टक्के."

माझं आडनाव आमच्या गावावरून, आणि गावाचं नाव म्हणे देवीवरून. त्याचा पुरावा मी कधी शोधला नव्हता.

मावशीने ओळ खोडली. "दगडावर खोटं नको." महिन्याभरात गेली.

परवा नात शाळेच्या प्रोजेक्टसाठी भूमध्य समुद्राकाठची शहरं शोधत होती. मी ऐटीत मिठाची गोष्ट सांगितली. तिने फोनमधून मानही वर केली नाही. "आजी, नोबडी रिअली नोज. कुणी मीठ म्हणतं, कुणी राणी. तुला कोण म्हणालं शुअर आहे?"

कोण म्हणणार? मीच.

मावशीच्या मुलाला फोन लावला. तोही आता म्हातारा. सगळं सांगितलं; म्हटलं, ती ओळ कोरून घेऊ या का?

तो म्हणाला, "शेवटी नर्सने विचारलं, तुमचं गाव कुठलं, तर आई म्हणाली, काही खास नाही." मग त्यानेच विचारलं, "राणीच, हे या वेळी नक्की?"

"नाही," मी म्हणाले. "नक्की कुणालाच माहीत नाही."

"मग राहू दे. आईला दगडावर खोटं नको होतं."