खालच्या बाईची जास्वंद

आमच्या सरकारी क्वार्टरच्या तळमजल्यावर एक पंजाबी बाई राहायची. तिच्या दारात लाल जास्वंद होती आणि ती माझ्या डोळ्यांत सलायची. झाडामुळे नव्हे. आमचे हे ऑफिसला निघाले की तिथे थांबायचे, म्हणून.

ह्यांची नोकरी कृषी खात्यात. घरात तोंडातून शब्द फुटायचा नाही. लग्न होऊन मी दिल्लीत आले त्याला नऊ वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत ह्यांनी मला एका पानाचं नाव सांगितलं नव्हतं. आणि एका सकाळी बाल्कनीतून ऐकते तर काय, स्वारी हिंदीत रंगात आलेली!

"इसका नाम हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस. हिबिस्कस ग्रीकों का पुराना शब्द है, और आगे का मतलब चीन का गुलाब. मगर न ये गुलाब है, न चीन के जंगल में कभी किसी को मिला."

"अच्छा! फिर ऐसा नाम क्यों रखा?" ती म्हणाली.

त्या उत्तरापायी ह्यांची बस चुकली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड.

दुसऱ्या दिवसापासून मी उजाडताच खाली जाऊ लागले. "बहनजी, गणेशजी के लिए चाहिए," म्हटल्यावर ती कशाला अडवते? पूजेच्या फुलांना कुणी नाही म्हणत नाही. मी सगळी फुलं काढायची आणि तिची पाठ वळली की उद्याच्या कळ्याही. कळ्या देवाला वाहत नाहीत, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्या पदराआड लपवून आणायची आणि केरात टाकायची.

झालं उलटंच. फुलं दिसेनात तशी ह्यांना काळजी लागली. कीड असेल म्हणून हे अर्धा तास आधीच घरातून निघून पानं उलटी करून बघू लागले, आणि ती शेजारी उभी!

आठवड्याने संध्याकाळी आले ते म्हणाले, "कीड नाहीये. कुणीतरी कळ्या नखानं खुडतंय."

"मीच खुडते," मी म्हणाले. "तिच्याशी बोलता ते बघवत नाही मला. माझ्याशी का नाही बोलत कधी?"

हे बराच वेळ बूट काढत बसले. मग हळूच म्हणाले, "ती विचारते गं."

मला कडाडून भांडायचं होतं. पण नऊ वर्षांत मी ह्यांना 'वाढू का' याखेरीज काय विचारलं, ते काही केल्या आठवेना. त्या बाईवरचा माझा राग मात्र दुप्पट झाला.